पुंजाबाबांच्या टोपीचं वय

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे सहदेवराव, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन चौदा वर्षं झाली, पण माणूस अजून गाडीतून उतरलेला नाही. दारात पाहुणे आले की "आत सरका, आत सरका" म्हणतात. पंगतीत बसले की डोकी मोजतात. घरातलं कोणीही काही सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कशावरून?" दूध नासलं म्हटलं तरी कशावरून. लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, यांचा माझ्यावर विश्वास नाही. मग कळलं, स्वतःच्या घड्याळावरही नाही. सकाळची चिखली-बुलढाणा गाडी फाट्यावरून गेली की ते तिच्यावरून घड्याळ लावतात, आणि गाडी उशिरा आली की आमच्या घरात दिवसभर सगळं उशिरा.

अशा माणसाने या भाद्रपदात आम्हाला एका टोपीचं वय काढायला लावलं.

मी रोज संध्याकाळी वंदना झाली की वहीत एक पान लिहिते. आज काय केलं, काय चुकलं, कोणाला टाकून बोलले, एवढंच. यंदाच्या वहीत सलग अकरा पानं टोपीने खाल्ली. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने, चालू, विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन, वाचायची पाळी माझी, आणि मी पान उलटताना पाहते तर बोटं काळी. का काळी, ते पुढे येईल.

झालं असं की आमच्या विहारात एक दगड बसवायचं ठरलं. छप्पन साली आमच्या गावातून नागपूरला जाऊन ज्यांनी दीक्षा घेतली त्यांची नावं त्यावर कोरायची, आणि शेजारी काचेच्या कपाटात त्यांच्या वस्तू ठेवायच्या. समितीचे अध्यक्ष नारायणराव गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले, शांत, पण अक्षराला पक्के. त्यांनी बैठकीत अकरा नावं वाचली आणि चष्मा काढला.

मामाजी उठले. "माह्या बापाचं नाव काऊन नाही?"

"सहदेवराव, ही यादी माह्या वडिलांनी सांगितलेली हाये. दौलतराव स्वतः गेलते. त्यात पुंजाजी नाहीत."

"मंग टोपी कुठून आली?"

पुंजाजी म्हणजे मामाजींचे वडील. खामगावच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती भरायचे. त्यांची फेल्टची टोपी, साहेब लोक घालायचे तशी, रुंद काठाची, सगळ्या गावाला माहीत आहे. छप्पन साली जायचं म्हणून कोणी नवा सदरा शिवला, कोणी कोट उसना आणला. पुंजाबाबांनी पागोटं सोडलं आणि हॅट घेतली, असं आमच्या घरात सांगतात. पण सांगणारं कोण? मामाजी अकरा वर्षांचे होते तेव्हा पुंजाबाबा गेले, आणि मागे उरली ती टोपी. बापाचा फोटोसुद्धा नाही.

गुरुजींनी विचार केला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "टोपी छप्पनच्या दीक्षेआधीची निघाली तं मी स्वतः बारावं नाव टाकतो. नंतरची निघाली तं तुम्ही विषय सोडायचा. कबूल?"

"कबूल," मामाजी म्हणाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "काढ ती टोपी."

बैठकीत ते बसले, कबूल त्यांनी केलं, आणि माळ्यावर कोण चढलं, तर मी.

आता काळ्या बोटांचं. टोपीचा खरा रंग कोणता हे आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही, कारण मामाजींनी गेली पन्नास वर्षं दर जयंतीला तिला चेरीचं काळं बूट-पॉलिश लावलेलं आहे. बूट वेगळे, टोपी वेगळी, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. फेल्टवर पॉलिशचा थर असा बसलाय की बोट लावलं की काळं. पौर्णिमेला मी पांढरं पातळ नेसून निघाले, मामाजींनी "जरा धर" म्हणून टोपी हातात दिली, आणि मी निऱ्या सारख्या केल्या. त्या दिवशीच्या पानावर मी फक्त "क्षांती", म्हणजे सहनशीलता, एवढा शब्द लिहून वही मिटली होती.

माझे यजमान रवी वीज मंडळात आहेत. त्यांनी मोबाईलवर टोपीचे चार बाजूंनी फोटो काढले आणि कुठेतरी विचारलं. उत्तर आलं, एकोणीसशे चाळीस ते ऐंशीमधली असावी.

"चाळीस ते ऐंशी," मामाजी म्हणाले. "असं तं मीही सांगतो. खामगाव ते मुंबई कुठीतरी उतरा."

चौथ्या दिवशी गुरुजी स्वतः आले. जय भीम झाला, चहा झाला. त्यांनी टोपी रुमालात धरली, उलटी केली आणि आतली चामड्याची पट्टी, जी कपाळाला लागते ती, बाहेर वळवली. पट्टीच्या मागून एक घडी घातलेला कागद निघाला. पेपरचा लांब तुकडा. एका बाजूला खताची जाहिरात, दुसऱ्या बाजूला तारीख. मे अठ्ठ्याहत्तर.

गुरुजींनी तारीख दोनदा वाचली. "सहदेवराव, मी काही बोलत नाही. कागदच बोलते."

मामाजींचा चेहरा असा झाला की मला त्यांचा राग यायचा थांबला. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला. आमच्या सासूबाई जनकाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्या सहसा पुरुषांच्या बोलण्यात पडत नाहीत. पण पडल्या की पाडूनच उठतात.

"तो कागद माह्या लग्नातला हाये," त्या म्हणाल्या.

"काय म्हणून राह्यली?"

"टोपी तुमच्या डोयावर येत होती. नवरदेवाले दिसेना. तुमच्या मामानं पेपर फाडून आत कोंबला. सगळा मांडव हासला, आन् तुमाले आठवत नाही?"

मामाजींनी टोपी हातात घेऊन आत पाहिलं. त्यांच्या लग्नाची तारीख मे अठ्ठ्याहत्तर, हे गुरुजींना पत्रिकेशिवाय मान्य नव्हतं. पत्रिका शोधायला दीड दिवस गेला. सापडली ती आत्याबाईंच्या पेटीच्या तळाशी, पेटीला अंथरलेली. मी ती काढताना खालचा पत्रा लागून बोट कापलं. मामाजींनी बोटाकडे पाहिलं नाही, पत्रिकेकडे पाहिलं. "पाह्य," म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

कागद बाद झाला, पण टोपीचं वय जिथल्या तिथे. मग मीच म्हटलं, "मामाजी, अस्तर उसवून पाहू या."

"फाडशीन."

"मी वीस वर्षं ब्लाऊज शिवते. उसवलेलं कळणार नाही असं परत लावते."

अर्धा दिवस विनवण्या केल्यावर हो म्हणाले. मी ओसरीवर उजेडात बसले, ते समोर खुर्ची टाकून, प्रत्येक टाक्याला "हळू" म्हणत. अस्तर लाल सॅटिनचं. तिसराच टाका सुटला आणि माझ्या लक्षात आलं. दोरा चकाकत होता. मी त्याचा तुकडा उदबत्तीच्या निखाऱ्याला लावला. त्याची काळी गोळी झाली.

"हे अस्तर छप्पनचं नाही," मी म्हटलं.

"कशावरून?"

"सुताचा दोरा जळला की राख होते. याची गोळी झाली. हा अलीकडचा दोरा आहे. अस्तर कोणीतरी बदललंय."

त्यांनी मान खाली घातली. हे माझ्या तोंडून यायला नको होतं, असं मला वाटलं, पण आलं. मग अस्तर बाजूला केल्यावर खाली जुनी भोकं दिसली, मोठी, हाताने शिवलेली, आणि एका भोकात तपकिरी सुताचा अर्धा टाका अडकलेला. तो मी जाळला नाही. म्हणजे टोपी अस्तरापेक्षा जुनी. किती जुनी, ते भोकं सांगत नव्हती.

सांगितलं चामड्याच्या पट्टीने. अस्तराची घडी तिच्यावर चढवून शिवलेली होती, म्हणून गुरुजींना तो भाग दिसला नव्हता. मी ओल्या फडक्याने पुसलं. सोनेरी इंग्रजी अक्षरं, निम्मी उडालेली. दुकानाच्या नावातलं फक्त "ब्रदर्स" शिल्लक. खाली "हॅट अँड कॅप मर्चंट्स", आणि त्याखाली "खामगाव, एम. पी."

मामाजींनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती छापली होती.

"एमपीत खामगाव नाही," ते म्हणाले. "मी बऱ्हाणपूरच्या गाडीवर दोन वर्षं होतो. एक एक थांबा पाठ हाये."

संध्याकाळी रवी म्हणाले, "लहान खेडं असन कुठीतरी." गुरुजींना बोलावलं. त्यांनी भिंग आणलं होतं. "सरळ हाये," म्हणाले. "टोपी तिकडची. पुंजाजी कधी तिकडे कामाले गेलते का?"

आत्याबाईंनी सत्य सांगायची हीच वेळ निवडली. "गेलते म्हणे. बऱ्हाणपुराकडे, पुलाच्या कामावर. साठ-एकसष्टले. माह्या सासूबाई सांगत."

"मंग झालं. टोपी नंतरची," गुरुजी म्हणाले. त्यांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं. वाईट त्यांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी दुसरा चहा घेतला नाही.

त्या रात्री मामाजी जेवले नाहीत. मी म्हटलं, नावच तर आहे. ते म्हणाले, "तुह्या बापाचं असतं तं?" मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. माझ्या माहेरच्या गावच्या दगडावर माझ्या आजोबांचं नाव आहे आणि मी दर वर्षी त्याला फूल वाहून येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी करिष्माचा फोन. ही आमची मोठी, नर्सिंगला आहे. स्कॉलरशिपसाठी व्हॅलिडिटीचे कागद परत पाहिजेत. जात पडताळणी ज्याच्या घरात झाली त्यालाच माहीत, ती फाईल म्हणजे काय असते. पणज्यापर्यंत पुरावे. तहसीलमध्ये मी स्वतः सतरा चकरा मारून कोतवाल बुकाची नक्कल काढली होती, म्हणजे गावच्या कोतवालाने लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदीची प्रत. तिच्यात मामाजींचा जन्म, सन त्रेपन्न, बापाचं नाव पुंजाजी. त्या कागदाच्या मी निदान तीस झेरॉक्स काढल्या असतील. वरची ओळ कधी वाचली नव्हती. जात बरोबर आहे का, नाव बरोबर आहे का, एवढंच पाहायचं असतं.

फोन कानाला धरूनच फाईल उघडली, तर वरची ओळ होती, "जिल्हा बुलढाणा, मध्यप्रदेश."

मी फोन तसाच ठेवून ओसरीवर गेले. "मामाजी, तुम्ही कुठे जन्मलात?"

"इथीसाच. याच घरात."

"कशावरून?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हा प्रश्न विचारला. ते चिडायच्या आत कागद समोर धरला.

गुरुजींना बोलावलं. त्यांनी तो वाचला तेव्हा स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "नोव्हेंबर छप्पनले वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं. त्याच्या आधी सहा-सात वर्षं आपण मध्यप्रदेशातच होतो. मी पोरांले शिकवलं हे, तीस वर्षं."

"मंग काल काऊन नाही आठवलं?" आत्याबाई आतून.

"वयनी, परीक्षेत आठवते ते. घरी नाही आठवत."

दीक्षा ऑक्टोबरातली. पट्टी त्याआधीची. जुना माल नंतर विकला असू शकतो, असं गुरुजी पुटपुटले, पण पुढे बोलले नाहीत. "शब्द दिला तो दिला. उद्या कारागीर येऊन राह्यला. बारावं नाव टाकतो." मामाजींनी त्यांना फाट्यापर्यंत पोहोचवलं आणि येताना गुळाची जिलेबी आणली. सगळ्या घरात मोजून दोन दोन दिली.

इथे हे संपायला हवं होतं. संपलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

कपाटात टोपीजवळ एखादा फोटो असावा म्हणून मी देऊळघाटला गेले. तिथे पुंजाबाबांची धाकटी बहीण गोजरबाई असते, लेकीजवळ. अठ्ठ्याऐंशीची असेल. कान तिखट, दात नाहीत. मी सगळी गोष्ट सांगितली, पॉलिशपासून कोतवाल बुकापर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढे दिवस तुमी लोक टोपीले विचारून राह्यले?"

"मग कोणाला विचारणार, आत्या?"

"मले. मी काय मेली होती का वं?"

तिला विचारायला कोणीच गेलं नव्हतं. गुरुजी नाही, मामाजी नाही, मीसुद्धा नाही. म्हातारी बाई कुठे तरी आहे, एवढंच आमच्या डोक्यात.

"टोपी दादानं जायासाठीच घेतली," ती म्हणाली. "आठ दिवस डोक्यावरून उतरवली नाही. निघायच्या दिवशी हा सहद्या पडला. गोवर. अंग असं तापलेलं, डोये उघडेना. वयनी रडून राह्यली. दादा फाट्यापर्यंत गेला आन् वापस आला."

"म्हणजे गेलेच नाहीत?"

"दौलत गेला. दौलतले म्हणे, माही टोपी तरी घेऊन जा. दौलतच्या डोक्यावर टोपी गेली. आठ दिसानं वापस आली. दादानं मंग पुढल्या वर्षी अकोल्याले दीक्षा घेतली."

देऊळघाटहून येताना गाडीत मला बसायला जागा होती तरी मी उभी राहिले. कोणाला कळणार होतं? नाव ठरलेलं. गोजरबाईला विहारात आणायलाही कोणी जात नव्हतं. पण मी रोज सकाळी पाच शीलं म्हणते, आणि चौथं खोटं न बोलण्याचं आहे. न सांगणं म्हणजे बोलणं नव्हे, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. फाटा आला तोवर पटलं नव्हतं.

सकाळी वंदना झाल्यावर सांगितलं. मामाजी पहिल्यांदा म्हणाले, "आत्या म्हातारी झाली." मग, "तुले कोणी जायाले सांगितलं होतं?" मग छत्री घेऊन सरळ फाट्यावर. दुपारी देऊळघाटहून परत आले, तेव्हा चप्पल काढून ओसरीवर बसले आणि मला म्हणाले, "पाणी दे." तांब्या अर्धा पिऊन म्हणाले, "माह्यामुळं राह्यला बाप."

मी म्हटलं, "तुम्ही तीन वर्षांचे होता."

"म्हणूनच म्हणतो."

मग आम्ही विहारात गेलो. कारागिराने काळ्या दगडावर पांढऱ्या पेन्सिलने सगळी नावं आखली होती, छिन्नी अजून लावली नव्हती. शेवटचं नाव पुंजाजींचं. गुरुजी कपाटाच्या काचा पुसत होते. मामाजींनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जसं आत्याने सांगितलं तसंच, कमी नाही, जास्त नाही. गुरुजी हातातलं फडकं घेऊन पायरीवर बसले.

"माहा बाप तुमच्या बापाची टोपी घालून गेला," ते म्हणाले. "आन् मी तुमाले पुरावा मागून राह्यलो होतो." त्यांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "राहू द्या नाव, सहदेवराव. मी अध्यक्ष हाओ, मी म्हणतो. आता कोण विचारते?"

"मी विचारतो," मामाजी म्हणाले.

त्यांनी रुमाल नळाखाली ओला केला आणि नाव पुसलं. पेन्सिल चिवट होती, तीनदा पुसावं लागलं. कारागीर म्हणाला, "काका, आता खाली जागा रिकामी दिसन." मामाजी म्हणाले, "वरची अकरा सरकवून बराबर बसव. तुले काय कोणी घाई केली?"

टोपी कपाटात ठेवायची की नाही यावर गुरुजी दोन्ही बाजूंनी बोलले. मामाजींनी ती काचेच्या आत स्वतः ठेवली, काठ सारखा केला, हात पँटला पुसले आणि पँट काळी झाली. मग मला म्हणाले, तुझं अक्षर बरं आहे, चिठ्ठी लिही. मी विहाराच्या ओट्यावर बसून लिहिली. ते सांगत होते, गुरुजी मध्ये मध्ये "त्यागमूर्ती" वगैरे शब्द घालत होते आणि मामाजी ते काढायला लावत होते. तीन कागद वाया गेले. शेवटी झालं ते असं:

"पुंजाजी यांची टोपी. छप्पन साली खामगावहून घेतलेली. नागपूरला दौलतराव ही घालून गेले. पुंजाजींचा मुलगा गोवराने आजारी होता, म्हणून ते गेले नाहीत."

गुरुजी म्हणाले, शेवटचं वाक्य काढू, लोक काय म्हणतील. मामाजी म्हणाले, "राहू द्या. लोकांनी विचारलं तं सांगा, तो मुलगा चिखली रोडले राहते."

मग त्यांनी मला 'मुलगा' या शब्दाखाली रेघ ओढायला सांगितली. ती मी ओढली नाही. घरी येईपर्यंत त्यावरून बोलत होते.